नजर माझी गेली होती

मी एका गाडीचा उजवा दिवा बोलतोय. रागावून बोलतोय, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका. दिव्याने मुकाट जळावं, तक्रार करू नये, अशी लोकांची अपेक्षा असते. मी ती बरीच वर्षं पाळली. पण माझ्या अपराधाची शिक्षा एका सज्जन बाईंना भोगावी लागली, आणि शिक्षा सुनावली ती त्यांच्या पोटच्या मुलाने. आता गप्प बसणं मला जमणार नाही.

लोक मला काच म्हणतात. मी काच नाही, प्लॅस्टिक आहे. कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा असा नितळ होतो, की मला उचलून उजेडात धरणाऱ्या कामगार बाईला माझ्यातून स्वतःच्या तळहाताच्या रेषा दिसल्या. मग माझ्यावर एक पातळ थर चढवला गेला. आम्हा दिव्यांना ऊन सोसत नाही. तो थर म्हणजे आमची कातडी. ती शाबूत आहे तोवर आम्ही धडधाकट.

माझ्या मालकीणबाई गाडी चालवायला शिकवायच्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता, पण बाईंचा पाय त्यावर क्वचितच पडे. त्यांचा आवाजच ब्रेकचं काम करायचा. शिकाऊ माणूस घाबरला की हमखास डोळे मिटून घेतो. मग मी भिंतीच्या, झाडाच्या, एकदा तर एका निवांत रवंथ करणाऱ्या म्हशीच्या नाकाला नाक लावून उभा राहिलोय. म्हैस हलली नाही. बाईही हलल्या नाहीत. त्यांनी शिकणाऱ्याला एवढंच सांगितलं, की आता मागे कसं जायचं ते शिकू.

त्यांचा मुलगाही माझ्याच गाडीत शिकला. वळण घेताना क्लच दाबून धरायची त्याची खोड मोडता मोडता बाईंच्या नाकी नऊ आले होते. हे मी मुद्दाम सांगतोय.

तेव्हा अंगणात पत्र्याची एक शेड होती आणि आम्ही तिच्याखाली असायचो. पुढे बाईंनी शिकवणं थांबवलं. मुलाला चांगली नोकरी लागली, त्याने नवी कोरी गाडी आणली. दारात आणल्या आणल्या त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर मला शेडखालून बाहेर काढलं. म्हणाला, जुनीच तर आहे, उन्हात राहिली म्हणून काय बिघडतंय. बाईंनाही त्यात वावगं वाटलं नाही. नव्याचं कौतुक त्यांनाही होतंच.

काय बिघडतंय ते माझ्या अंगावर लिहिलं जात होतं. दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर मी भाजून निघायचो. आधी कडा पिवळ्या पडल्या. मग थर सुटू लागला. मग धुकं आलं, आणि ते पुसलं जाईना, कारण ते माझ्यावर नव्हतं, माझ्यात होतं. आत बल्ब जीव तोडून जळायचा आणि बाहेर पडायचा तो मळकट पिवळा उजेड. शेजारचा डावा दिवाही तसाच. मुलगा रोज सकाळी स्वतःची गाडी पुसायचा आणि उरलेलं पाणी माझ्या चाकाशी ओतून जायचा. माझ्याकडे त्याने एकदाही नीट पाहिलं नाही.

बाईंची थोरली बहीण पडली, कमरेचं हाड मोडलं आणि तिला पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. तिथे भेटायची वेळ संध्याकाळची. बाई रोज जायच्या. जाताना उजेड असायचा, येताना अंधार पडू लागलेला. गाडी चालवताना त्या स्वतःशी बोलायच्या आणि ते पत्र्यातून माझ्यापर्यंत पोचायचं. आज ताई हसली. आज ताईने माझं नाव दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणतात, तिच्या ओळखीची माणसं रोज समोर यायला हवीत, नाहीतर तिच्या डोक्यातून एकेक जण निघून जाईल.

परतताना बाई पुढे वाकायच्या, डोळे बारीक करायच्या, गाडी हळू घ्यायच्या. मला कळत होतं. मी ओरडू शकत नव्हतो.

एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेला कुणीतरी खडीचा ढीग टाकून ठेवला होता. मी धड असतो तर तो ढीग लांबूनच दाखवला असता. दाखवला तेव्हा आम्ही त्यावर चढलो होतो. कुणाला खरचटलं नाही. बंपर फाटला, एवढंच.

घरी आल्यावर मुलगा अंगणात आला. त्याने बंपर पाहिला. बंपर आणि मी यांच्यात वीतभर अंतर आहे हो! तेवढी मान त्याने वर केली असती तरी भागलं असतं.

"आई, तुझी नजर गेलीय," तो म्हणाला. "किल्ली दे."

बाई म्हणाल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळे उत्तम आहेत. तो म्हणाला, वय कुणाला चुकलंय? उद्या एखाद्याच्या अंगावर गाडी घातलीस तर? त्यांनी किल्ली दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी डोळ्यांदेखत पाहिली. आणि चोर कोण, तर मी!

रविवारी मी नेत जाईन, असं त्याने कबूल केलं होतं. पहिल्या रविवारी नेलं. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. नंतरच्या रविवारी त्याचं अंग दुखत होतं. बाई बसने जाऊन आल्या, पण परतीची बस अंधार पडायच्या आत सुटायची. बहिणीजवळ जेमतेम टेकायचं आणि उठायचं. मग पावसाळ्यात पुलावरची बस बंदच झाली. स्वयंपाकघराची खिडकी माझ्यासमोर आहे. बाई संध्याकाळी तिथे उभ्या राहायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. दोन आंधळे एकमेकांकडे बघत होते असं मला वाटायचं. त्यातला एक खोटा आंधळा होता.

त्या एकट्या चालत जाऊन डोळे तपासून आल्या. डॉक्टरांनी नजर चांगली असल्याचं सांगितलं. मुलगा म्हणाला, दवाखान्यातल्या उजेडात काय, सगळ्यांनाच दिसतं.

मग त्याने गाडी विकायचं काढलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासमोर उकिडवा बसला. मोबाइलवर काहीतरी बघून त्याने माझ्यावर टूथपेस्ट चोळली. मी चमकलो. त्याने फोटो काढला. आईला दिसावं म्हणून मला कधी पुसलं नाही. गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून पुसलं! पेस्टने उरलासुरला थरही खरवडून गेला. गिऱ्हाईक यायच्या आत मी पहिल्यापेक्षा जास्त पिवळा झालो होतो.

गिऱ्हाईक म्हणजे एक तिऱ्हाईत माणूस. त्याने ना इंजिन उघडलं, ना दार. माझ्यावर नख ओढलं आणि म्हणाला, "हे दिवे लावून अंधारात कोण चालवत होतं? कमाल आहे त्या माणसाची." आणि नको म्हणून निघून गेला.

बाई खिडकीत होत्या. मुलगा ऑफिसला गेल्यावर त्या बाहेर आल्या. चष्मा पुसायचा रुमाल काढून त्यांनी मला पुसलं. धुकं हललं नाही. त्यांनी बोटाने टिचकी मारली, डोळा माझ्याजवळ आणला आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"मोतीबिंदू तर तुला झालाय रे," त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पायात चपला घातल्या आणि सुट्या भागांच्या दुकानात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी माझ्यासमोर पाट टाकला. आधी साबणाच्या पाण्याने मला धुतलं. माझ्या कडेने पत्र्यावर चिकटपट्टी लावली, रंगाला ओरखडा नको म्हणून. मग पाण्यात भिजवलेला खरखरीत पॉलिश पेपर घेऊन घासायला बसल्या. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. माझ्यावरून पिवळं पाणी वाहू लागलं. ते पांढरं होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मग बारीक पेपर, मग त्याहून बारीक. प्रत्येक वेळी आडवं घासून झालं की पुढचा पेपर उभा. हात भरून आले की त्या मांडीवर ठेवायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. त्या घासण्यात नुसती मेहनत नव्हती. सगळ्या हुकलेल्या संध्याकाळी त्या माझ्यावर घासत होत्या.

दुपारी मुलगा काहीतरी विसरलं म्हणून घरी आला. त्या वेळी मी ताकासारखा पांढरा, पार अपारदर्शक झालो होतो. तो म्हणाला, होतं तेही घालवलंस. बाईंनी वर पाहिलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की शिकाऊ माणसाने मध्येच बोलू नये.

मग पॉलिश आलं, मऊ फडक्याने, गोल गोल. आणि हळूहळू मला अंगण दिसू लागलं. भिंतीवरची भेग दिसली, वाळत घातलेले कपडे दिसले, बाईंचा चेहरा दिसला. तो किती थकलाय हेही दिसलं. शेवटी त्यांनी उन्हापासून राखणारा पारदर्शक थर माझ्यावर फवारला. दुकानदाराने बजावलं होतं, की तो दिला नाही तर सगळी मेहनत पाण्यात जाईल.

डाव्या दिव्याला त्यांनी हात लावला नाही. मला वाटलं दमल्या. दमल्या नव्हत्या.

दिवेलागणीला मुलगा आला तेव्हा त्यांनी त्याला आमच्या गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी, शिकवायच्या जागेवर बसल्या. म्हणाल्या, दिवे लाव. त्याने लावले. समोरच्या भिंतीवर माझा उजेड पडला, पांढरा, रेखीव. विटान् वीट मोजता यावी असा. शेजारी डाव्याचा पडला, चहा सांडल्यासारखा.

"खडीचा ढीग डावीकडे होता," बाई म्हणाल्या. "तुला दिसला असता?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. नंतर बोलला ते असं: "मग हे आधी सांगायचंस ना, आई."

बघा! मी वितळलो नाही हेच नवल.

"किल्ली मागताना तू विचारलं असतंस, तर दोघांनी मिळून शोधलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. म्हशीसमोर होता तसाच होता.

त्याने किल्ली तिथेच राहू दिली आणि तो घरात गेला. माफी मागितली नाही. दोन दिवसांनी मात्र त्याने आपली गाडी शेडखालून काढली आणि आम्हाला आत घेतलं. तोवर बाईंनी डावाही उजळवला होता. माणसांच्या जातीत याला माफी म्हणत असतील. मला ती पुरत नाही.

कारण आत्ता मी शुश्रूषागृहाच्या आवारात उभा आहे आणि समोरच्या उघड्या खिडकीतलं मला लख्ख दिसतंय. बाई आल्या तेव्हा त्यांच्या बहिणीने त्यांच्याकडे सभ्यपणे पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण?"

बाईंनी पिशवीतून फणी काढली. मग म्हणाल्या, "मी केस विंचरायला आलेय." आता त्या विंचरताहेत. बहीण डोळे मिटून बसलीय. तिला बरं वाटत असावं.

पिवळेपणा घासून निघतो. हे निघणार नाही. म्हणून कळवळून सांगतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही निसटलं, धडकलं, सांडलं, तर त्याच्या हातातलं काढून घेण्याआधी एकदा बाहेर या आणि आमच्यासारख्यांकडे बघा. वाका थोडं. रुमालाने पुसून बघा.

बाई उठल्या. उद्या येते म्हणाल्या. बहिणीने मान डोलावली. बाहेर अंधार पडतोय, पुलापर्यंतचा रस्ता खराब आहे. मला कामाला लागायला हवं.