सडक तळ्यापल्याडून गेली

चामोर्शीच्या जुन्या सडकेला लागून अख्तरी आणि कमळा यांची घरं होती, मधली भिंत दोघींची सामाईक. अख्तरीचा नवरा केव्हाच गेलेला, मुलगी तबस्सुम चंद्रपूरला दिलेली. आठवडी बाजारात बांगड्या भरून ती पोट भरायची. कमळाचा नवरा गुणवंतराव धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, कसायचा. कमळाची चूल त्या मधल्या भिंतीला टेकून होती, त्यामुळे हिवाळ्यात अलीकडून अख्तरीची भिंत ऊबदार राहायची. अख्तरी तिथंच पाठ टेकून बसायची आणि भिंतीपलीकडच्या कमळाशी बोलायची. तबस्सुमच्या बाळंतपणाचा शिरा त्याच चुलीवर झाला होता.

सडकेवर लाल रंगाचे खुंट ठोकले गेले, त्या उन्हाळ्यात गावाची भाषाच बदलली. मोठा रस्ता इथूनच जाणार, अशी हवा उठली. कालपर्यंत ज्या घरांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यांच्या दारात जीपा थांबू लागल्या. चंद्रपूरच्या एका व्यापाऱ्याला ढाब्यासाठी जागा हवी होती. त्याने दोन्ही घरं एकदम मागितली.

गुणवंतरावाला दम्याने घेरलं होतं. मुलगा निकेश गडचिरोलीत नोकरीला, दवाखानाही तिथंच. कमळाने मन घट्ट करून घर विकायचं ठरवलं आणि भिंतीपलीकडून विचारलं, "अख्तरी, तू बी इकून टाक ना वं. निकेशनं जागा पाह्यली हाये. बाजूचं घर बी रिकामंच हाये. तिथी बी एकच भिंत राहीन आपली."

अख्तरीच्या मनात लगेच ते घर उभं राहिलं. ती हो म्हणणारच होती, पण संध्याकाळी तिचा दीर आरिफ आला. "भाभी, अभी मत बेचो," तो म्हणाला. "सडक पे डांबर पडने दो, फिर देखना दाम." अख्तरीने आयुष्यात कधी कशाचा भाव ठरवला नव्हता. बाजारात बांगड्यांचाही नाही, गिऱ्हाईक म्हणेल तो. या एका वेळी आपल्यालाही चार पैसे जास्त मिळावेत, असं तिला वाटलं. कमळाला म्हणाली, "तू हो पुढं. मी येतोच मांगून."

सामानाच्या ट्रॅक्टरवर बसताना कमळा म्हणाली, "लवकर ये. मी त्या घरमालकाले थांबवून ठेवतो."

थांबवलंही तिने, दोन पेरण्यांइतका काळ. बसच्या कंडक्टरबरोबर निरोप यायचे, "काऊन येऊन नाई राह्यली?" इकडे अख्तरी डांबराची वाट पाहत होती. भिंत आता थंड पडली होती. सवयीने टेकली की पाठ शहारायची आणि ती उठून दुसरीकडे बसायची.

मग एक दिवस लाल खुंट उपटले गेले. कोणी म्हणे, जुन्या सडकेवर फार घरं पाडावी लागतात. कोणी म्हणे, साहेबांनी नकाशा बदलला. सडक तळ्यापल्याडच्या शेतांतून गेली. बघता बघता तिथल्या पडीक जमिनीला सोन्याचा भाव आला आणि जुन्या सडकेवरच्या जीपा दिसेनाशा झाल्या. व्यापाऱ्याने कमळाच्या घराला कुलूप लावलं आणि परत फिरकलाच नाही. अख्तरीने स्वतः होऊन निरोप धाडला, मिळेल त्या भावात द्यायला ती तयार होती. उत्तर आलं नाही. आरिफने येणं कमी केलं.

गडचिरोलीचं ते बाजूचं घर कोणा मास्तराने घेतलं.

मोठ्या बसगाड्या आता गावात शिरेनात. नव्या सडकेच्या फाट्यावरच माणसं उतरवून पुढे निघून जात. एका सोमवारी कंडक्टरने निरोप दिला, कमळा येते आहे. अख्तरी डब्यात खीर घेऊन भर उन्हात फाट्यावर जाऊन उभी राहिली.

कमळा उतरली ती दांड्याला धरून, एकेक पाऊल टाकत. गुडघे सुजले होते. तळ्यापलीकडची कौलं पुसट दिसत होती, तेवढं चालणं तिच्याने होणार नव्हतं. दोघी पळसाच्या सावलीत बसल्या. कमळाने खीर खाल्ली, बोटं चाटली.

"घर कसं हाये माह्यं?" तिने विचारलं.

"मांगची बाजू बसली पावसानं. चुलीवर पानी पडते."

कमळाने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तू चाल माह्यासंगं. राहा माह्याघरी. निकेश काई म्हननार नाई."

अख्तरीने तिचा हात हातात घेतला. "शेजारीन म्हनून आली असती तं रोज भांडली असती तुह्यासंगं. पाहुनी म्हनून कसं भांडू?"

कमळा हसली, आणि हसता हसताच तिने पदर तोंडाला लावला.

परतीची गाडी आली. अख्तरीने तिला खालून आधार देत चढवलं. गाडी नव्या गुळगुळीत सडकेवरून झपकन निघाली. जुन्या सडकेवर खड्ड्यांमुळे गाडी हळू जायची, हात हलवायला वेळ मिळायचा. अख्तरीचा हात वर जाईपर्यंत गाडी वळणापलीकडे गेली होती.

ती तळ्याच्या बांधावरून घरी निघाली.