एक काना

दोन्ही अंगठ्या मुशीत ठेवून त्याने वर सोनं नीट वितळावं म्हणून चिमूटभर टाकणखार भुरभुरला आणि गॅसचा झोत लावला. टाकणखार फुलून विरघळला, तोच दुकानाची घंटी वाजली.

दारात बायकोची सहकारी उभी होती. वेधशाळेत दोघी शेजारी बसायच्या. बायको गेल्यापासून ती पहिल्यांदाच येत होती.

"काका, कामात आहात?"

"सोनाराला काम कसलं, फुंकत बसायचं. ये." त्याने झोत बाजूला घेऊन बारीक केला.

ती स्टुलावर टेकली.

"मॅडमचा लेख छापायला गेला. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

"ते गॅमा किरणांचं?"

"हो. आकाशात कुठेतरी एकदम झगझगाट होतो ना, तो. क्षणभराचा, लहान असेल तर दोन मेलेले न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळले. जास्त वेळचा, मोठा असेल तर एकच अवाढव्य तारा कोसळला. असं आम्ही धरून चालायचो. मग एक मोठा सापडला, तोही मिसळण्यातूनच आलेला दिसत होता. मी म्हणायचे, लहान-मोठे सगळे एकत्र तपासू. मॅडम ऐकतील तर शपथ."

"घरी तरी कुठे ऐकायची!"

ती हसली आणि मग बराच वेळ नाक पुसत राहिली.

"शेवटच्या दिवशी मी फोनवर होते. फोन त्यांच्या उशीवर होता, आठवतं?"

त्यानेच ठेवला होता.

"तेव्हा म्हणाल्या, 'दोन्ही एकत्र कर. लहान-मोठं नको.'"

त्याचा हात गॅसच्या चावीवर थांबला. हेच शब्द त्याने ऐकले होते, तिचा हात हातात धरून. तिचं बोट त्याच्या अंगठीवर फिरत होतं. तिची अंगठी लहान, त्याची मोठी. दुसरं काय असणार? म्हणून तर आज मन घट्ट करून तो अंगठ्या वितळवायला बसला होता. आता काहीच कळेना. बोट अंगठीवर फिरत होतं, की नुसतंच थरथरत होतं?

"तुला ती तू म्हणायची की तुम्ही?"

"तुम्ही! शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना अहो-जाहो. मी किती मागे लागले, मला अगं म्हणा. नाहीच." तिने मान खाली घातली. "त्या दिवशी पहिल्यांदा 'कर' म्हणाल्या. 'करा' नाही. काका, मी तेवढ्यावर तगून आहे."

त्याला मात्र ती लग्नापासून तूच म्हणायची, गिऱ्हाइकांदेखतसुद्धा. त्याची आई त्यावरून किती वेळा फुगून बसली होती. त्याने बोलायला तोंड उघडलं. पण त्या दिवशी बायकोला श्वास पुरत नव्हता. 'करा'चा काना तोंडातच राहिला असेल. कुणी सांगावं?

"मग तुलाच म्हणाली," तो म्हणाला.

तिने डोळे टिपले. निघताना मुशीकडे वाकून पाहिलं.

"काय वितळवताय?"

"जुनंच काहीतरी."

ती गेली. त्याने चिमट्याने बायकोची अंगठी उचलली, तर त्याचीही बरोबर वर आली. टाकणखाराची काच होऊन दोन्ही एका कडेला चिकटल्या होत्या. ओढल्या असत्या तर सुटल्या असत्या.

तो त्या तशाच धरून बसला. मग पुन्हा मुशीत ठेवल्या आणि झोत मोठा केला.

"करतो गं," तो म्हणाला.