माशांच्या टाकीतला कळकट स्पंज

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. रंग तपकिरी, अंग बुळबुळीत, आणि वासाचं विचारूच नका. मला घाणेरडा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी माशांच्या टाकीत राहतो आणि असली बोलणी ऐकून ऐकून माझी कातडी चांगलीच जाड झाली आहे. फक्त एकदा माझी हकीकत ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा मीही पांढराशुभ्र होतो. सलूनवाल्या भाऊंनी मला विकत आणलं. गिऱ्हाइकांच्या बाकाशेजारी त्यांनी हौसेने काचेची टाकी मांडली आणि मला फिल्टरच्या डब्यात बसवलं. टाकीतलं पाणी माझ्यातून आत शिरायचं आणि पलीकडून बाहेर पडायचं. भाऊंनी त्याच दिवशी मासे आणून टाकी भरून टाकली. पाणी कसं लख्ख होतं! तरीही मासे एकामागून एक उलटे झाले. भाऊ डोक्याला हात लावून बसले.

मासे विकणाऱ्या बाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या, "अहो, नवी टाकी म्हणजे ओसाड गाव. आधी वस्ती होऊ द्या की! एकच मासा ठेवा, चिमूटभर खायला घाला आणि जरा दम धरा."

भाऊंनी दम धरला. एकच गोल्डफिश आणला. तो पुढे इतका गुबगुबीत झाला की सगळे त्याला पैलवान म्हणू लागले. आणि वस्ती झाली ती कुठे? माझ्यात! माझ्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू येऊन राहिले. मासा खातो, घाण करतो, त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतं. माझ्याकडची एक टोळी ते विष खाते आणि त्याचं दुसरं विष करून ठेवते. दुसरी टोळी ते दुसरं विष खाते आणि जे उरतं ते माशाला सोसवतं. या दोन्ही टोळ्या जमायला कित्येक आठवडे गेले. त्या जमल्या तसा मी तपकिरी झालो. हा माझा मळ नाही, मित्रांनो. हा माझा संसार आहे.

पुढची वर्षं मजेत गेली. पैलवान काचेशी येऊन गिऱ्हाइकांकडे टकमक बघायचा. दाढीला साबण लावून बसलेली माणसं त्याच्याशी गप्पा मारायची. त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं, माझं कोणी केलं नाही. नाही तर नाही. मी काही कौतुकाच्या आशेने डब्यात बसलो नव्हतो.

मग ताई आल्या. ताई म्हणजे भाऊंची थोरली बहीण. सारा जन्म त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढला होता. निवृत्त झाल्या आणि भावाच्या दुकानात मदतीला येऊ लागल्या. टॉवेल उकळले, कंगवे औषधात बुडवले, खुर्च्यांचे हात पुसून पुसून चकचकीत केले. दुकानाचं नाव झालं. तेवढ्यात आमची टाकी गळू लागली. ताईंनी स्वतः नवी, मोठी टाकी आणली आणि भावाला बजावलं, "आता सगळं नवीन हं! ती जुनी घाण यात नको."

त्यांनी मला चिमटीत धरून वर काढलं. "शी! काय रे हे? असला बोळा आमच्या थिएटरात दिसला असता तर माझी नोकरी गेली असती!"

जुन्या टाकीच्या उरलेल्या पाण्याची बादली मागच्या मोरीत होती. तिच्यात मला भिरकावलं. माझ्या जागी नवा कोरा स्पंज बसला. मी मनात म्हटलं, बसा बाबा! पण मी मरत नाही. त्या साचलेल्या पाण्यात माझी माणसं पटापट जाऊ लागली, तरी उरलेल्यांना मी घट्ट धरून ठेवलं.

इकडे नव्या टाकीत पैलवानाचे हाल सुरू झाले. तो पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. त्याचे कल्ले लाल झाले. ताईंना वाटलं, पाणी अजून पुरेसं स्वच्छ नाही. त्यांनी सगळं पाणी बदललं. नवा स्पंज गरम पाण्याने धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जितकं धुतलं तितका पैलवान खचत गेला. शेवटी तो तळाशी कलला. ताईंचा जीव कासावीस झाला. एवढ्या पेशंटची सेवा केली, आणि आपल्या हातून हा मुका जीव चालला!

भाऊ चाचरत म्हणाले, "ताई, रागावू नकोस. पण जुन्या टाकीत आपण एवढं धूतच नव्हतो गं."

"मग काय करायचास तू?"

"काही नाही. त्या स्पंजाला हातच लावायचो नाही."

 ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! ऑपरेशननंतर जालीम औषधांनी पेशंटच्या पोटातले चांगले जंतूसुद्धा मरायचे, तेव्हा आमच्याच हॉस्पिटलात त्यांना चांगल्या जंतूंच्या गोळ्या द्यायचे. आणि इथे मी काय करून बसले?"

त्या धावत मोरीत आल्या. मला उचललं आणि सवयीने नळाखाली नेलं. नळ सुरू झाला. मित्रांनो, त्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. माणसांना ते चालतं, पण माझ्या वस्तीचा त्याने निकाल लागला असता. मला हात नाहीत, तोंड नाही. मी फक्त धुमसत होतो: खबरदार! ताईंचा हात थांबला. त्यांनी नाकाशी पाणी नेलं. "हा तर आमच्या थिएटरच्या फरशीचा, जंतू मारायच्या औषधाचा वास!" म्हणत त्यांनी नळ बंद केला आणि मला बादलीतल्याच पाण्यात हलकेच पिळलं.

मी फिल्टरमध्ये परत गेलो, तोही नव्या कोऱ्या स्पंजाच्या उरावर! ताई नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवायच्या आणि वास गेल्यावरच टाकीत थोडं थोडं बदलायच्या. खाणं कमी केलं. माझे जिवाणू पुन्हा वाढू लागले. पैलवान हळूहळू सरळ झाला आणि एके सकाळी काचेला तोंड लावून खायला मागू लागला. ताई चक्क रडल्या.

परवा एका गिऱ्हाइकाने घरी नवी टाकी आणल्याचं सांगितलं. ताईंनी मला बाहेर काढलं आणि कात्रीने माझे दोन तुकडे केले. मला दुखलं नाही. दोन्ही तुकड्यांत माझी वस्ती होतीच. टाकीच्या पाण्यात बुडवलेला एक तुकडा पिशवीत घालून त्यांनी त्या माणसाच्या हातात ठेवला.

तो नाक मुरडून म्हणाला, "ताई, हा जरा धुऊन द्या ना."

ताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "धुवायचा असेल तर इथेच ठेवून जा. तुझ्या माशांना जगायचंय ना?"

त्याने पिशवी मुकाट्याने छातीशी धरली.