सोमेश्वर राजाचा मुकुट

मित्रांनो, मी एका राजाचा मुकुट आहे खरा, पण माझ्यात सोन्याचा कणही शोधू नका. मी पुठ्ठ्याचा आहे. १९९१ च्या माघ महिन्यात, वसईच्या खाडीकाठच्या एका गावात, कमळी नावाच्या बाईने ओटीवर बसून मला घडवलं. पुठ्ठा साबणाच्या खोक्याचा, खळ तांदळाच्या पिठाची, वरून सोनेरी बेगड. समोर लावायला लाल खडा मिळेना, तेव्हा तिने स्वतःच्या तुटलेल्या माळेतला मणी शिवला. मग मला नवऱ्याच्या डोक्यावर ठेवून ती म्हणाली, "जरा सैल होतोय. आतून चिंधी लावते."

तिचा नवरा जयराम भात आणि भाजी पिकवायचा. रुंद खांद्यांचा, मोजकं बोलणारा माणूस. गावच्या देवळाच्या उत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं आणि त्या वर्षी त्याला सोमेश्वर राजा व्हायचं होतं.

हा सोमेश्वर खरोखरच होऊन गेला. सातशे वर्षांपूर्वी उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं, त्यांचा हा शेवटचा राजा. देवगिरीच्या यादवांशी झालेल्या लढाईत तो समुद्रात बुडून मेला. त्याच्या मरणाबद्दल फारसं काही लिहिलेलं सापडत नाही. ज्यांनी त्याला हरवलं त्यांच्याच पदरचा एक पंडित लिहून गेला, की आमच्या राजाच्या क्रोधापेक्षा त्याने समुद्रात बुडणं पत्करलं.

गावच्या शाळेतले प्रल्हाद गुरुजी मूळचे साताऱ्याकडचे, जवळच्या तुळिंजला फ्लॅट घेऊन राहिलेले. त्यांनी तेवढ्या एका ओळीवरून तीन अंकी नाटक लिहिलं. शेवटच्या प्रवेशात राजा मला डोक्यावरून उतरवतो, काठावर ठेवतो आणि प्रजेचा संहार टळावा म्हणून हसतमुखाने समुद्रात चालत जातो. समुद्र म्हणजे एक लांब निळं कापड. दोघांनी दोन टोकं धरून ते हलवायचं. त्यातलं एक टोक नेहमी सोनूच्या हातात असे. सोनू म्हणजे जयरामचा धाकटा भाऊ.

जयराम त्या कापडाआड दिसेनासा झाला की रंगमंचावर मी एकटाच उरायचो. प्रकाशात चमकायचो. बायका डोळे पुसायच्या, टाळ्या थांबायच्या नाहीत. त्या टाळ्या माझ्याच आहेत असं मला वाटायचं. आता त्याची लाज वाटते.

तीन-चार वर्षांत एक नवल घडलं. राजा आपल्याच गावच्या धक्क्यावरून पाण्यात उतरला, असं लोक बोलू लागले. बायका तिथे नारळ ठेवू लागल्या. एका म्हाताऱ्याने तर शपथेवर सांगितलं, की ही गोष्ट त्याच्या आजोबांनी त्याला सांगितली होती. गुरुजी आधी हसले. पुढे त्यांनी हसणं सोडून दिलं. आपण लिहिलेलं लोकांना इतकं खरं वाटतं, याचा त्यांना आतून आनंदच होत असावा.

१९९७ ची भातकापणी झाली. जयराम आणि सोनू होडीतून पेंढा आणत होते. ओहोटीच्या ओढीत होडी कलंडली. जयरामला पलीकडच्या होडीवाल्यांनी बाहेर काढलं. सोनू दुसऱ्या दिवशी काठच्या तिवरांच्या झाडीत सापडला. त्याच्यामागे बायको जयवंती आणि तीन वर्षांची तेजस्वी राहिली.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, "राजाच्या मागं गेला सोनू. समुद्राचं कापड धरनारा मानूस, समुद्रानंच बोलावलं त्याला. हसत गेला असंल." लोक हे मायेनेच म्हणत. जयवंतीला त्या शब्दांचा आधार होता. जयराम मात्र ते ऐकलं की उठून परसात जायचा.

महिन्याभराने एका दुपारी कमळी माझी निघालेली बेगड चिकटवत बसली होती. उत्सव जवळ आला होता. जयराम तिच्याजवळ येऊन बसला.

"यंदा मी राजा व्हनार नाय," तो म्हणाला.

"का?"

"त्यानं माझा सदरा धरला होता, कमळे. दोघंबी खाली चाललो होतो. मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून."

कमळीचा हात माझ्यावरच थांबला. मग ती म्हणाली, "तुमी वर आलात म्हनून मी उभी हाय. मला दुसरं काय ठावं नाय."

पण गाव ऐकेना. गुरुजीही म्हणाले, "यंदाचा प्रयोग सोनूच्या नावाने करू. तू नाही म्हणू नकोस." जयरामला नकार देता आला नाही.

त्या संध्याकाळी मैदान भरून गेलं होतं. शेवटचा प्रवेश आला. निळं कापड हलू लागलं. त्याचं टोक आता दुसऱ्याच माणसाच्या हातात होतं. जयरामने मला उतरवलं, पण खाली ठेवलं नाही. छातीशी घट्ट धरलं. गुरुजी विंगेतून पुढचं वाक्य सांगत होते. जयरामने ते म्हटलं नाही.

"हसत कोन जात नाय," तो म्हणाला. राजाच्या भाषेत नव्हे, आपल्या घरच्या बोलीत. "पानी नाकात शिरतं. मानूस हाताला मिळंल ते धरतो. राजा पन मानूसच होता."

एवढं बोलून तो कापडाकडे न जाता उलट्या बाजूने उतरून गेला. कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक आवाज आला, "राजाला भेकड केला यानं."

दुसऱ्या दिवशी गुरुजी घरी आले. चहा पुढ्यात निवत राहिला.

"गुरुजी, राजा हसत गेला हे कुठं लिवलंय?" जयरामने विचारलं.

"कुठेच नाही," गुरुजी म्हणाले. "ते मी लिहिलं. कुठल्या किनाऱ्यावर बुडाला, हेही मला माहीत नाही."

"मग हसला नसंल."

"नसेल. पण जयराम, घाबरून बुडालेल्या राजाचं नाटक कोण बघेल?"

"मी बघीन," जयराम म्हणाला.

गुरुजींनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. ते तसं नाटक लिहितील असं मला वाटलं होतं. त्यांनी लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी जवळच्या चंदनसारचा एक नट राजा झाला. त्याच्यासाठी ड्रेसवाल्याकडून पत्र्याचा नवा मुकुट आला. नाटकाच्या सुरुवातीला आता सोनूचं नाव घेऊ लागले, 'राजाचा शेवटचा सेवक' म्हणून. मला कमळीने जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. तिथे दहा-अकरा वर्षं गेली. माझी बेगड काळी पडली, एका बाजूला कसर लागली.

२००९ मध्ये ट्रंक उघडली ती तेजस्वीसाठी. ती नववीत होती. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि तिने विषय घेतला होता, 'माझे बाबा'.

"काकी, टेबलावर मुकुट ठेवला ना, तर एकदम भारी वाटेल," ती म्हणाली. मग ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या जयरामकडे वळून तिने विचारलं, "काका, तुम्ही तर तिथे होतात. बाबा हसत गेले ना? आई तसंच सांगते."

कमळीने नवऱ्याकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. जयरामने शेंगांची टोपली बाजूला सारली.

"नाय, बाय," तो म्हणाला. "घाबरला होता. माझा सदरा धरला होता त्यानं. मीच त्याचा हात सोडवला. नायतर आमी दोघंबी गेलो असतो."

तेजस्वीने मला हळूच खाली ठेवलं आणि निघून गेली.

आठ दिवस ती फिरकली नाही. त्या आठ दिवसांत जयराम धड जेवला नाही. नवव्या दिवशी ती आली आणि पायरीवर बसली. डोळे सुजलेले होते.

"बाबांना पोहता येत होतं?" तिने विचारलं.

"येत होतं. माझ्यापरीस चांगलं."

"अजून सांगा."

जयराम सांगत राहिला. सोनूला कच्ची चिंच खायची सवय होती. भर नाटकात त्याला शिंक यायची. तेजस्वी जन्मली तेव्हा तो दवाखान्यातून घरापर्यंत धावत आला होता आणि दारात पोचल्यावर, मुलगी की मुलगा, हे सांगायचंच विसरला होता. राजाच्या सेवकाबद्दल गावाने पुष्कळ सांगितलं होतं. सोनूबद्दल या घरात बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

तेजस्वीने स्पर्धेत मला नेलं नाही. तिने बाबांच्या चिंचेबद्दल सांगितलं आणि ते पाण्यात घाबरले होते, हेही सांगितलं. बक्षीस दुसऱ्याला मिळालं. जयवंती मात्र त्या दिवसापासून जयरामशी बोलत नाही.

मित्रांनो, राजांची नाटकं जरूर बघा. माझ्यासारख्या मुकुटांना कसरीपासून जपा. पण मेलेल्या माणसाच्या ओठांवर हसू ठेवण्याआधी, त्याच्या घरातलं कुणी जिवंत असेल, तर त्याच्यापाशी थोडा वेळ बसा.