दंडधारी

अन्यायाविरुद्ध लिहिलेला शब्द सदैव न्यायाच्याच बाजूने उभा राहील, अशी ग्वाही तो लिहिणाऱ्यालाही देता येत नाही. काळ उलटतो, माणसे बदलतात, आणि ज्या शब्दाने एके काळी दुबळ्याचे रक्षण केले तोच एखाद्या दिवशी बलवानाच्या मुठीत सापडतो. अशा वेळी अर्थ सांगणाऱ्यावर मोठा भार येतो. खरे सांगावे तर सज्जनाची हानी होते; खोटे सांगावे तर उद्या कोणत्याच शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. माळेवाडीच्या शाळेच्या निवडणुकीत हा भार अमृतराव गुरुजींवर आला.

लातूर वेगळा जिल्हा होऊन तेव्हा वर्षही भरले नव्हते. शाळेच्या शिक्क्यावर अजून उस्मानाबादच होते. निलंग्याच्या पुढे, तेरणेच्या कोरड्या पात्रापलीकडच्या या गावात पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, आणि गावच्या विहिरी माघातच आटल्या होत्या. पाणी उरले होते ते शाळेच्या विहिरीला. ती विहीर एकावन्न साली गावाने आपल्या हातांनी खोदली होती. जो पंधरा दिवस अंगमेहनत करील तो संस्थेचा आजीव सभासद, असा तेव्हाचा ठराव होता. त्यामुळे सभासदांच्या यादीत पाटीलकीच्या घरांपेक्षा पहार आणि पाटी उचलणाऱ्यांचीच नावे अधिक होती.

संस्थेचे अध्यक्ष हणमंतराव यांचा ऊस शाळेच्या कुंपणाला लागूनच होता. फाल्गुन लागताच त्यांनी विहिरीवर जाळी टाकून कुलूप लावले, मोटार बसवली आणि काठ्या देऊन दोन राखणदार उभे केले. मुलांनी पाणी घरून आणावे, असे फळ्यावर लिहिले गेले. कोणत्या घरून, हे लिहिले नव्हते. संचालक मंडळात सात जण होते. जाळी काढावी असे तिघे म्हणत, राहू द्यावी असे तिघे म्हणत, आणि सातवे मत स्वतः हणमंतरावांचे होते. मोटार चालू राही. वर्गात मुली भोवळ येऊन पडत, आणि खिडकीबाहेर ऊस हिरवागार डुलत असे. ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांच्या अंगाची लाही आजही होते.

सातवीतली सिंधू एके दुपारी जाळीच्या फटीतून दोरीला बांधलेला तांब्या सोडताना सापडली. राखणदाराने काठी हाणली ती तिच्या मनगटावर. तिची आई चतुराबाई तिला घेऊन तशीच चार मैल चालत ठाण्यावर गेली.

ठाण्याचे फौजदार होते सिद्धराम. शिपाई म्हणून भरती होऊन पायरी पायरीने ते फौजदार झाले होते, आणि नोकरीचे शेवटचे वर्ष म्हणून त्यांना गावाजवळचे ठाणे मिळाले होते. मूळचे ते माळेवाडीचेच. विहिरीचा खडक त्यांनीही फोडला होता. परंतु त्या दिवशी चतुराबाईच्या आधी हणमंतरावांचा माणूस ठाण्यावर येऊन बसला होता. सिद्धरामांनी मुलीचा हात नीट पाहिलाही नाही. रजिस्टरात त्यांनी लिहिले, ‘मुका मार. अदखलपात्र.’

“म्हंजे काय, सायब?” चतुराबाईने विचारले.

“म्हंजे पोलिसांनी दखल घ्यावी एवढं लागलेलं न्हाई.”

“मग तसं सरळ म्हना की. गरिबाच्या लेकीची दखल न्हाई म्हना.”

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. निलंग्याच्या सरकारी दवाखान्यात हाड मोडल्याचे निघाले होते. पांढऱ्या पट्ट्यात बांधलेला मुलीचा हात तिने फौजदारांच्या टेबलावर अलगद ठेवला आणि म्हणाली, “सायब, तुमचा मुका मार बोलाय लागला बगा.”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत सिद्धरामांनी शिव्या ऐकल्या होत्या, दगड झेलले होते. परंतु या एका वाक्याने त्यांची मान खाली गेली. रजिस्टरातली ओळ स्वतःच्या हाताने खोडून त्यांनी गुन्हा नोंदवला आणि राखणदाराला अटक केली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर नवा राखणदार नव्या काठीनिशी उभा होता. मलप्पा त्याचे नाव. कायद्याला काठी धरणारा सापडत होता. काठी देणारा ओसरीवर निवांत पान खात होता. तेव्हा सिद्धरामांच्या मनात संताप असा भरला की तो उतरेना. हणमंतरावांच्या जागेची निवडणूक वैशाखात होती. त्यांनी लातूरच्या नव्या कार्यालयातून वरिष्ठांची लेखी परवानगी आणली आणि उमेदवारीचा अर्ज भरला. मतदानानंतर सहाच दिवसांनी ते निवृत्त होणार होते.

प्रचाराला ते गणवेशात कधी गेले नाहीत. तरीही दारोदार टोमणे ऐकावे लागले.

“काय फौजदारसाब, आता पोरास्नी बी आत टाकता काय?”

“पोरास्नी न्हाई. कुलपाला.”

“आन् तवा आमच्या सिंधूला मुका मार लिवला कुनी?”

“मीच लिवला. म्हनूनच दारात आलोय.”

हे उत्तर त्यांनी कोणत्याही घरी चुकवले नाही. लोकांना ते पटत गेले. आठवडाभरात वारे फिरल्याचे हणमंतरावांनाही कळले.

अर्जांची छाननी आणि मतदान एकाच दिवशी, शाळेच्या मोठ्या खोलीत होते. सकाळपासून सभासद जमले होते. निवडणूक अधिकारी होते अमृतराव गुरुजी, वय शहात्तर. संस्थेची घटना त्यांनीच लिहिली होती, आणि त्यांच्या शब्दाविरुद्ध गावात कोणी ब्र काढत नसे. दोनच अर्ज आले होते. गुरुजींनी सिद्धरामांचा अर्ज हाती घेताच हणमंतराव उठले.

“गुरुजी, कलम नऊ वाचा जरा मोठ्यानं.”

गुरुजींचा चेहरा उतरला. कलम त्यांना पाठ होते; तरी चष्मा लावून त्यांनी वाचले, “दंडधारी व्यक्तीस संचालक मंडळावर स्थान असणार नाही.”

“शब्द तुमचाच हाय. अर्थ बी तुमीच सांगा. वकिलानं मला सांगितलाय, पर गावाला तुमच्या तोंडून ऐकू द्या.”

खोलीत कुजबूज झाली. निजामी अमलात एका अमीनाने, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याने, भरल्या वर्गात शिरून मराठी पुस्तक वाचणाऱ्या मास्तरांना मुलांदेखत काठीने झोडपले होते. ते मास्तर म्हणजे स्वतः अमृतराव. मनातल्या त्या जखमेवर खपली धरण्यापूर्वीच त्यांनी संस्थेची घटना लिहिली, आणि पोलिसाची सावलीही शाळेवर पडू नये म्हणून हाती काठी धरणारा अशा अर्थाचा तो शब्द योजला. तेव्हा तरुण शिपाई असलेला सिद्धराम हसून म्हणाला होता, “गुरुजी, मला बाहेरच ठेवलंत की!” आणि गुरुजीही हसले होते.

आता कोणी हसले नाही. अर्थ थोडा वाकवला असता तर काम झाले असते. ‘दंडित’, म्हणजे शिक्षा झालेला, असे लिहावयाचे होते, लेखनिकाने चुकून ‘दंडधारी’ लिहिले, एवढे एक वाक्य पुरले असते. गुरुजींच्या तोंडचे म्हणून सगळ्यांनी ते मानलेही असते. खिडकीतून मोटारीची घरघर ऐकू येत होती. गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मला पोलीसच अभिप्रेत होता,” ते म्हणाले. “जो आज पोलीस आहे, त्याचा अर्ज या कलमाने टिकत नाही. सिद्धरामाचा अर्ज मी अग्राह्य ठरवतो.”

सिद्धराम ताडकन उठले. “सा दिवस, गुरुजी! सा दिवसांनी फौजदारीचा पट्टा मी काढून ठेवनार हाय. पोरी तहानेनं पडून राहिल्यात आन् तुमी शब्द धरून बसलाव!”

“सहा दिवसांनी निवडणूक असती तर तुझा अर्ज मी मस्तकी लावला असता. आज असत्य बोललो तर उद्या हीच घटना कोणीही कशीही वाचील.”

हणमंतराव खुर्चीत रेलले. “चला, बिनविरोध. पेढे मागवा रे कुनी.”

“थांबा.” गुरुजींचा आवाज चढला. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांनीही तो आवाज कधी ऐकला नव्हता. “शब्दाचा अर्थ अजून पुरा झालेला नाही.” त्यांनी दाराकडे पाहिले. राखणदार मलप्पा काठी टेकवून मालकांच्या विजयाची मौज पाहत उभा होता. “मलप्पा, काठी छान आहे. कोणाची रे?”

मलप्पा फुलून गेला. “मालकांची, गुरुजी! मालकांनीच दिली, सोताच्या हातानं. निलंग्याहून आनली, लोखंडी टोपनाची!”

“आणि ती कोणावर उगारायची, हेही त्यांनीच सांगितले असेल.”

“मग? पोरंसोरं जाळीजवळ आली की हानायची म्हनले. मी माज्या मनानं कशाला हानू?”

कोणीतरी मलप्पाला मागे ओढले. पण वाक्य सगळ्यांच्या कानी पडले होते.

“धर्मशास्त्रात करणारा आणि करविणारा यांचे पाप सारखेच मोजतात,” गुरुजी म्हणाले. “दंड स्वतःच्या हाती धरला काय, किंवा दुसऱ्याच्या हाती देऊन धरवला काय, दंड ज्याचा तोच दंडधारी. सिद्धरामाच्या हाती राज्याने दंड दिला. तो सहा दिवसांनी राज्याला परत जाईल. तुमचा दंड तुम्ही हौसेने आणलात, हणमंतराव, आणि तो सातवीतल्या मुलीच्या हाडावर चालवलात. ज्या कलमाने मी त्याचा अर्ज नाकारला त्याच कलमाने तुमचाही नाकारतो.”

हणमंतरावांनी टेबलावर मूठ आपटली. “मी लातूरला जाईन! मुंबईला जाईन! म्हाताऱ्या, तुझी अक्कल चळली!”

“जा. जिथे जाल तिथे हे कलम घेऊन जा. मी अर्थ सांगायला येईन.”

दोन्ही अर्ज गेल्यावर काय करायचे, हेही घटनेत होते: हजर सभासदांनी आपल्यातूनच एक नाव उभे करावे आणि हात वर करून निवडावे.  तोवर सिद्धराम दारापर्यंत पोचले होते. अपमानाने त्यांचे कान लाल झाले होते, आणि गुरुजींवरचा राग त्यांच्या पाठीतही दिसत होता. उंबऱ्यात ते थांबले. बाहेर जायचे आणि पुन्हा या शाळेकडे पाहायचे नाही, असे त्यांच्या मनात आले असेल. परंतु ते वळले, आणि रागाच्या त्याच आवाजात म्हणाले, “चतुराबाई.”

“अगं आई गं,” मागच्या कोपऱ्यातून चतुराबाई उद्गारली. “मला सही येत न्हाई, सायब.”

हणमंतराव मोठ्याने हसले. “अंगठ्याची बाई शाळा चालवनार! गावाची इज्जत गेली की रे!”

चतुराबाई पदर खोचून उभी राहिली. “मालक, हीर खोदली तवा मी नवी नवरी हुते. पंधरा दिस ह्या डोक्यावर मुरूम वाहिला. तवा मला सही येती का म्हनून कुनी इचारलं न्हाई. तुमचे वडील तर म्हनले, पोरी, जरा भराभरा चल.”

खोलीत हशा उसळला, आणि हसता हसताच हात वर जाऊ लागले. गुरुजींनी दोनदा मोजले. चतुराबाईच्या बाजूने ब्याण्णव हात होते, विरुद्ध अडतीस. सिद्धरामांचा हात सर्वांत आधी वर गेला आणि सर्वांत शेवटी खाली आला. मात्र गुरुजींकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक झाली. चार विरुद्ध तीन मतांनी जाळी काढण्याचा ठराव झाला, आणि चतुराबाईने त्याखाली अंगठा उठवला. मोटार दुपारपर्यंत उचलली गेली. मग सगळे विहिरीच्या काठावर गेले आणि आत डोकावले. फाल्गुनात जिथे माणूस गळ्यापर्यंत बुडाला असता तिथे आता गुडघाभर गढूळ पाणी होते. दोन महिने उसाने जे पिऊन टाकले होते, ते कोणत्याही ठरावाने परत येणार नव्हते. कुंपणापलीकडे ऊस तसाच उभा होता, टवटवीत, निर्लज्ज. सिद्धरामांनी त्याच्याकडे असे पाहिले की शेजारचे दोघे बाजूला सरकले.  मग त्यांनी बाह्या वर केल्या, दोर घेतला आणि पहिली बादली शेंदली. चतुराबाईने लुगड्याच्या पदराने पाणी गाळले. प्रत्येक मुलाला एक तांब्या, असा हिशेब बसला. सुट्टी लागेपर्यंत तेवढे पाणी पुरले. जेमतेम, पण पुरले.

गुरुजींशी सिद्धराम पुढे कित्येक महिने बोलले नाहीत. त्यांचा राग खोटा नव्हता, आणि गुरुजींचे सत्यही खोटे नव्हते. दोघेही आपापल्या जागी जळत राहिले. ज्यांनी तहानलेल्या लेकरांसाठी आपला मान सोडला, आणि ज्यांनी शब्दासाठी आपल्या माणसाचा रोष पत्करला, त्या दोघांचेही अंतःकरण ईश्वर शांत करो. सिंधूचा हात लिहिता राहो, तिच्या आईच्या डोक्यावर सावली राहो. आणि ज्यांनी काठी दिली त्यांनाही, कधी तरी, कोणाच्या तरी ओंजळीत पाणी घालण्याची बुद्धी होवो.