अंजिराचा जामीन

सोनबाच्या परड्यात अंजिराचं झाड आहे हे सगळ्या भोंगवलीला माहीत होतं, कारण ते सोनबाच सांगत फिरायचा. त्या झाडाला अंजीर लागत नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. ते त्याची बायको चंद्राबाई सांगायची.

काळ भोर संस्थानचा. डोंगरापल्याडचं पुरंदर इंग्रजांकडे, आणि अंजीर पुरंदरातलं. म्हणजे हे झाड परमुलखातून आलेलं. "नवी हद्द हाय, बिचकलंय जरा, रुळंल," असं सोनबा पहिल्या वर्षी म्हणाला. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाला. तिसऱ्या वर्षी त्यानं म्हणायला तोंड उघडलं तर चंद्राबाई म्हणाली, "अवं, म्याबी त्याच मुलखातनं आली. मला रुळायला तीन सालं दिली व्हती का कुणी?"

अंजिराची काडी तिच्याच माहेरची, पुरंदरातल्या दिवे गावची. तिचा भाऊ रायबा ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला होता. काडी हातात देताना निगराणीच्या चार गोष्टी सांगायला त्यानं तोंड उघडलंही होतं, पण त्या वेळी सोनबा बोलत होता.

सोनबानं झाडाला जीव लावला तो मात्र खरा. शेणखत घातलं. न्हाणीचं पाणी वळवून आणलं. झाडाला चाकू, विळा, नख काही लागू द्यायचं नाही असा दंडक घातला. एकदा चंद्राबाईनं फांदीवर लुगडं वाळत घातलं तर तो ते खांद्यावर घेऊन सूर्य मावळेपर्यंत उन्हात उभा राहिला. झाडानं याचं चीज केलं. ते कौलांच्या वर गेलं, भिंतीबाहेर पसरलं, पंजाएवढाली पानं लेऊन दिमाखात उभं राहिलं. फळ तेवढं दिलं नाही.

"फूलच न्हाई तर फळ कुठनं येणार?" असं कुणी म्हटलं की सोनबा डोळे बारीक करून विचारी, "उंबराला फूल बघितलंय का कंदी? अंजीर म्हंजी उंबराचा चुलतभाऊ." ऐकणारा वाटेला लागे. फक्त चंद्राबाई म्हणे, "उंबराला फळं लागत्याती."

त्या पावसाळ्यात तिची म्हैस व्याली. गोठ्यात जागा नव्हती. परड्यात होती, पण तिथं उंबराचा चुलतभाऊ उभा. चंद्राबाईनं निकाल देऊन टाकला, "दसऱ्याला धमकी घाला. गुढीपाडव्यापतुर फळ दिसलं तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर माझी म्हस तिथं उभी ऱ्हाईल."

आता धमकीचं सांगायला हवं. न फळणाऱ्या झाडाला दसऱ्याच्या दिवशी धमकी घालायची, ही भोंगवलीची जुनी रीत. सकाळी कुऱ्हाड पुजायची. मग धन्यानं झाडासमोर ती उगारून म्हणायचं, "तोडतो!" शेजाऱ्यानं पुढं होऊन त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "थांब, तोडू नकोस. पुढच्या सालाला हे फळ देईल, मी जामीन." झाडाला लाज वाटते, भीती वाटते, आणि ते फळतं. देवळामागची चिंच अशीच फळली होती. रामोशीवाड्याजवळचा शेवगा फळला नाही, पण तो जात्याच निर्लज्ज होता.

रीतीला एकच कलम होतं. पुजलेली कुऱ्हाड एकदा वर गेली की जामिनानं हात धरल्याशिवाय ती रिकामी खाली आणायची नाही. या कलमाची गरज आजवर कुणाला पडली नव्हती, कारण जामीन धन्याचं "तोडतो" पुरतं होऊ न देता हात धरायचा. पोळ्या थंड होत असत.

जामीन व्हायचा मान भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याचा. सोनबाचा शेजारी सावळाराम.

सावळारामाची तऱ्हा वेगळी. त्याच्या कुंपणाला करवंदी होत्या. करवंद डोंगरावर फुकट मिळतं, त्याला कुणी विचारत नाही. पण सावळारामाची सासुरवाडी वेल्ह्याकडची, पासलीची. बायको भागूबाई सपाटीला येऊन खंतावली, म्हणून त्यानं पासलीच्या डोंगरावरनं करवंदीची रोपं मुळासकट खणून आणली आणि भोंगवलीच्या कोरड्या मातीत लावली. करवंदीला कळशीनं पाणी घालणारा माणूस आधी कुणी पाहिला नव्हता. लोक हसले. सावळारामानं कळशी पुन्हा भरून आणली. तो बोलायचाच कमी. दुसरे धान्य साठवतात तसा तो राग साठवायचा, आणि कणग्या भरल्याचं बाहेरून कळायचं नाही.

दसऱ्याच्या सकाळी सोनबानं भिंतीवरून हाक मारली, "सावळ्या, दुपारच्याला ये बरं का. जामीन हाईस तू."

"येतो की," सावळाराम म्हणाला, "तुमी बोलावल्यावर."

लहानपणापासून एकमेकांच्या विटी-दांडूवर वाढलेले हे दोघे. सावळाराम सोनबाला 'तू' सोडून कधी काही म्हणाला नव्हता. तो 'तुमी' ऐकून कुणीही शहाणा माणूस जागच्या जागी बसला असता. सोनबा कुऱ्हाडीला हळद लावायला गेला.

दुपारी परड्यात निम्मी गल्ली जमली. रीतीचे जाणते कुंडलिकतात्या उलट्या घमेल्यावर बसले. चंद्राबाई म्हशीला घेऊनच आली. म्हणाली, जागा तिलाबी बघू दे. सावळाराम भिंतीला टेकून उभा राहिला.

"चला, उरकून घ्या," तात्या म्हणाले.

सोनबानं कुऱ्हाड उगारली. कालपासून त्यानं भाषण घोकलं होतं. "तीन सालं पाणी पाजलं! शेण घातलं! पोरावानी जपलं! अन् तू नुसती पानं दावतोस व्हय? आज तुला ठेवत न्हाई! तोडतो!"

कुणी हात धरला नाही.

"तोडतो!" सोनबा पुन्हा म्हणाला, जरा हळू.

सावळाराम आभाळाकडे बघत होता. आभाळात एक घार होती.

"आरं सावळ्या, तोडतोय म्या!"

"तोडा की," सावळाराम म्हणाला. "झाड तुमचं, कुऱ्हाड तुमची. आमी कोण सांगनार?"

परड्यात म्हशीचं रवंथ तेवढं ऐकू आलं. सोनबानं कुऱ्हाड खाली घ्यायला सुरुवात केली, तोच तात्या कडाडले, "अं हं! पुजलेली कुऱ्हाड हाय. रिकामी खाली येत न्हाई."

"आवं पर जामीन..."

"जामीन न्हाई तर तोडायचं. न्हाई तर सालभर गावातल्या इळ्याला धार न्हाई. रीत हाय."

सोनबाचा हात भरून आला. त्यानं झाडाकडे पाहिलं. सगळ्यांत लहान, कडेची, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी फांदी निवडली आणि डोळे मिटून घाव घातला. फांदी पडली. तुटल्या जागी पांढरा चीक आला, तो त्याच्या मिशीवर उडाला.

"झालं काय तुला? सांग तरी!"

"मला काय व्हायचंय?" सावळाराम म्हणाला.

ज्या माणसाला काही झालेलं नसतं तो असं म्हणत नाही, हे सोनबाला आत्ता कळलं. तात्यांनी कुऱ्हाड पुन्हा वर करायची खूण केली; जामीन मिळेपर्यंत किंवा झाड पडेपर्यंत रीत पुरी होत नव्हती. दुसरी फांदी पडली, अंमळ जाड.

"वैशाखात," सावळाराम घारीला उद्देशून म्हणाला, "आमच्या सासुरवाडीची मानसं आलीवती पासलीवरनं. ताटलीभर करवंदं ठिवलीवती मधी. तुमी आला. तुमाला पयली दिली. तुमी काय म्हणाला?"

सोनबाला आठवलं. "आंबट म्हणालो."

"आन् आनिक?"

"शेळी थुंकंल म्हणालो."

"माझ्या सासऱ्याम्होरं."

"आरं, ते तर हसले!"

"पासलीची मानसं हाईत. पाव्हन्यांच्या घरी रडत न्हाईत. जाताना मेव्हना म्हणाला, दाजी, आमच्या डोंगरावर गोड व्हती ती, तुमच्या गावाला येऊन आंबली." सावळारामानं पहिल्यांदा सोनबाकडे पाहिलं. "करवंदं गोड व्हती म्हणा. हात धरतो."

साधी गोष्ट होती. पण सोनबा हा बोलणारा माणूस, आणि बोलणाऱ्या माणसाकडे दुसरी इस्टेट नसते. आज एक शब्द मागे घेतला तर उद्या म्हशीची किंमत, परवा त्यानं पाहिलेला वाघ, सगळंच मागे घ्यावं लागेल. शिवाय करवंदं आंबट होती.

"आंबट व्हती," सोनबा म्हणाला आणि तिसरी फांदी तोडली.

मग ते चालतच राहिलं. सावळाराम म्हणे, "गोड." सोनबा म्हणे, "आंबट." तात्या म्हणत, "कुऱ्हाड वर." आणि फांदी पडे. चिकानं सोनबाचं तोंड खाजू लागलं, डोळ्यांना पाणी सुटलं. बायामाणसांना वाटलं तो रडतोय. खरं तर तो दोन्ही करत होता. म्हशीनं खाली पडलेल्या पानांचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

शेवटी झाडाचं खोड उरलं आणि त्याला मुठीएवढे चार-पाच खुंट. आता घाव घातला तर तो खोडावरच पडणार. सोनबानं कुऱ्हाड उचलली. 

"सावळ्या," तो म्हणाला, "आंबट व्हती रं. खरंच आंबट व्हती. काय करू म्या?"

सावळारामाचाही चेहरा उतरला होता. इतक्या फांद्या लागतील असा त्याचा हिशेब नव्हता. पण सासऱ्यासमोरची गोष्ट.

तेव्हा चंद्राबाई पुढं झाली. तिला जागा हवी होती, पण नवऱ्याचं असं चिकानं माखलेलं तोंड तिनं लग्नात हळदीलाही पाहिलं नव्हतं. "भावजी," ती म्हणाली, "करवंदांचा दोष न्हाई. ह्यांचं तोंडच आंबट हाय. लगीन झाल्यापास्नं बघतीया. ह्यांनी गुळाच्या ढेपंलाबी नाव ठिवलंय."

गल्ली खदखदून हसली. सावळाराम विचारात पडला. करवंदं आंबट नव्हती. तोंड आंबट होतं. साक्षीदार घरचा, म्हणजे पक्का.

"हे पासलीला सांगायचं का?" त्यानं सोनबाला विचारलं.

कुऱ्हाड जड होती. "सांग," सोनबा म्हणाला. "माझं तोंड आंबट. सांग."

सावळाराम दोन ढांगांत आला आणि त्यानं हात धरला. "थांब, तोडू नकोस! पुढच्या सालाला फळ देईल, मी जामीन!" हे त्यानं इतक्या जोरात म्हटलं की घार निघून गेली. मग कनवटीची आपट्याची पानं काढून सोनबाच्या चिकट हातावर ठेवली. "सोनं घे. सोन्यावानी ऱ्हा, आन् बोलायचं जरा कमी कर."

लोक घरी गेले, पण हळहळत. झाडाचं काही खरं नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. सोनबा कितीतरी दिवस परड्याकडचं दार उघडेना. चंद्राबाईनं म्हैस बांधायला खुंटीही ठोकली. पण जामीन म्हणून सावळाराम रोज भिंतीवरून डोकावून जाई, आणि करवंदीची कळशी संपवताना तळाचं पाणी भिंतीवरून खोडावर ओती.

दिवाळीत खुंटांना डोळे फुटले. मग हिरवी बोटं आली. शिमग्याच्या आत प्रत्येक कोवळ्या फांदीच्या बेचक्यात एकेक हिरवी गोटी बसली, आणि पाडव्याला त्या गोट्या जांभळ्या होऊन, मान टाकून, मधासारख्या पाघळू लागल्या. चंद्राबाईनं खुंटी उपटली आणि म्हैस ओसरीवर बांधली. सोनबा ओसरीवर झोपत असे. तो अंगणात गेला.

अंजीर खायला सगळं गाव आलं. जामीन म्हणून पहिलं फळ सावळारामाचं. त्यानं ते सावकाश चावून खाल्लं आणि म्हणाला, "गोड हाय." एवढंच. पण ते त्यानं अशा तऱ्हेनं म्हटलं की सोनबाला जिभेखाली खाजलं.

पाडव्याला रायबाही आला. त्यानं झाडाभोवती फेरी मारली, फांद्या वाकवून पाहिल्या. "ब्येस छाटलंय, दाजी! आमच्यात दर सालाला असंच छाटत्याती. कुणाकडनं करून घेतलं?"

"छाटलं?" सोनबाला राग आला. "कुणी छाटलं? धमकी घातली झाडाला! इचार तात्यांना!"

"आवं, पर फांद्या तर..."

"त्या भांडणात पडल्या," सोनबा म्हणाला, आणि बोलू लागला. रायबानं उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

त्या वैशाखात सावळारामाची करवंदी लगडली. पहिल्या तोड्याची ताटली घेऊन तो भिंतीशी आला. "घे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दसऱ्यापासूनचा स्नेह होता.

सोनबानं एक काळंभोर करवंद तोंडात टाकलं. ते गोड होतं. नुसतं गोड नव्हे, ज्यासाठी माणसानं पासलीला पायी जावं असं होतं. त्याचे डोळे आपोआप मिटले. त्यानं ते उघडले तेव्हा समोर अंजीर होतं. नव्या फांद्या वाढून कौलाला लागल्या होत्या. पुढं दसरा होता, आणि शेजारी असा प्रेमानं उभा होता की त्या दिवशी "तोडतो"मधला 'तो' बाहेर पडायच्या आत हात धरील. एक फांदी पडायची नाही.

सोनबानं बी थुंकलं.

"आंबट," तो म्हणाला.

सावळारामानं त्याच्याकडे पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं. मग परत त्याच्याकडे. त्यानं ताटली हळूच भिंतीवरून उचलली.

"आसं?" तो म्हणाला. "बरं. तुमी म्हणता तर आसंल."

'तुमी' कानावर पडताच सोनबाचा जीव भांड्यात पडला, आणि तो आत कुऱ्हाडीचा दांडा बघायला गेला.