लोणा न फुटलेल्या कुंड्या

पेरणीनंतर एकविसाव्या दिवशी लिंबाजीच्या चोपण, खारवट रानात हरभऱ्याची पानं कडेनं तांबूस व्हायला लागली. पंचविसाव्या दिवशी त्यानं दोन रोपं मुळासकट उपटली, पटक्याच्या टोकात गुंडाळली आणि मळ्यावर आणून विष्णुपंतांसमोर ठेवली.

“हा तुमचा मीठ खाणारा हरभरा,” तो म्हणाला. “मीठच ह्याला खायलंय.”

विष्णुपंत सोनपेठजवळच्या व्यंकटराव देशमुखांच्या मळ्यावर देखरेखीला होते. पुण्यात दोन वर्षं शेतकी शिकलेले, बोलण्यात मोजके, वही सोडून कुठं न जाणारे. त्यांनी रोपं उलटीपालटी करून पाहिली. खालची पानं वाळून कुरकुरीत झाली होती, मुळं तपकिरी पडून आखडली होती.

“सगळ्या रानात असंच आहे?”

“सगळ्या. बांधाच्या कडंला जरा हिरवं हाय, तिथली माती माझ्या बापानं बाहेरून आणून टाकली व्हती.”

फसली सन १३४७, म्हणजे १९३७ सालचा तो कार्तिक. लिंबाजीची ओढ्याकाठची चार एकरं पावसाळ्यात पायाला चिकटायची आणि उन्हाळ्यात पांढरी पडायची. तिथं गवतसुद्धा ठिगळासारखं उगवायचं. पोट भरायला तो देशमुखांचं पाच एकर रान बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करत असे. यंदा पंतांच्या शब्दावर त्यानं ते सोडलं होतं. एक बैलजोडी दोन्हीकडं पुरणार नव्हती. सोडलेलं रान दुसऱ्याच दिवशी दुसऱ्यानं धरलं.

“पंत, आता दुसरं काई पेरायचा यळ गेला,” लिंबाजी म्हणाला. “तुमी वहीत बगा. वहीत काई उपाय आसंल.”

तो उत्तराची वाट न बघता निघाला. पंतांनी खरंच वही काढली.

आदल्या हिवाळ्यात त्यांनी बहात्तर कुंड्या मांडल्या होत्या. चारठाणा, राणीसावरगाव आणि सोनपेठ अशा तीन ठिकाणचं बियाणं. चार रांजण भरले होते. एकात विहिरीचं गोड पाणी, बाकी तिघांत चढत्या मापानं मीठ. चोपणात हरभरा मरतो तो कोवळेपणी, पहिल्या महिन्यात. तो महिना जे बियाणं काढील ते चोपणात पेरावं, असा पंतांचा विचार होता. पाणी घालणाऱ्या मनकर्णाला वाचता येत नव्हतं, म्हणून रांजणांवर आणि कुंड्यांवर चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. गोड्याला रेघ नाही, मग एक, दोन, तीन.

मनकर्णा चारठाण्याची लेक, या गावात दिलेली, चाळिशीची. पितळी पेला काठोकाठ भरून थेंब न सांडता कुंडीत ओतायची. तिच्या मापात पंतांना कधी खोट सापडली नाही. सकाळी ती पाणी घाली, दुपारी पंत येऊन पानं मोजत आणि लिहीत.

महिन्यानं दुसऱ्या-तिसऱ्या रेघेच्या बहुतेक कुंड्यांतली रोपं जळून बसली. चारठाण्याची मात्र चोवीसच्या चोवीस उभी होती. गोड पाण्यावर जशी, तशीच तिसऱ्या रेघेवर. पंतांनी एक पान चाटून पाहिलं. आंबट-खारट लागलं. हरभऱ्याच्या पानांवरची आंब तशी लागतेच, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण त्या दुपारी पंतांना त्या चवीत मीठच सापडलं. वहीतली नोंद त्यांनी आता पुन्हा वाचली: “चारठाण्याच्या कुंड्यांना बाहेरून लोणा फुटलेला नाही. रोप मीठ मुळांनी ओढून आंबेवाटे पानांवर टाकत असावे.” हाच मजकूर व्यंकटरावांनी कचेरीच्या भाषेत, उर्दूत उतरवून जिल्ह्याला पाठवला होता. मग मनकर्णाचा भाऊ किशनराव याच्या रानातलं तेच बियाणं दोन मण गाडीनं आणवलं, आणि ते लिंबाजीच्या रानात गेलं.

पंत वही मिटून कुंड्यांच्या खोलीकडं गेले. कुंड्या गेल्या वर्षीच्या मातीसकट तशाच एकावर एक रचलेल्या होत्या. सोनपेठच्या तीन रेघांच्या कुंडीला बाहेरून लोणा फुटून मिठाचा पांढरा थर चढला होता, नखानं खरवडला तर पीठ पडेल असा. राणीसावरगावची तशीच. चारठाण्याची तीन रेघांची कुंडी कुंभाराकडून आणली तशी लाल. पंतांनी त्या कुंडीतली माती बोटावर घेऊन जिभेला लावली. मातीची चव होती, दुसरी कसलीच नव्हती. सोनपेठच्या कुंडीतली लावली तर थुंकावं लागलं.

रोपानं कितीही मीठ पानांवर टाकलं, तरी मातीत कणभर तरी उरायला हवं होतं. गेल्या वर्षीच चाटून बघायला एवढं एक बोट पुरलं असतं.

मनकर्णा बाहेर सूप घेऊन तुरीचं बी निवडत होती. पंतांनी दोन्ही कुंड्या तिच्यासमोर ठेवल्या.

“मनकर्णाबाई, या कुंडीत पाणी कोणतं घातलंत?”

तिनं कुंडीवरच्या रेघा बघितल्या. मग पंतांकडं बघितलं.

“गोडं.”

“रेघा किती आहेत?”

“तीन.”

“मग?”

“मोजून घातलं पंत. पेला कधी उणा न्हाई झाला.”

“मी माप विचारत नाही. चारठाण्याच्या सगळ्याच कुंड्यांना गोडं?”

“सगळ्याच.” तिनं सूप खाली ठेवलं. “ते बी कुटलं व्हतं, ठावं हाय का तुमास्नी? येळवशीला, मार्गशीर्षाच्या आवसंला, रानात कडब्याची कोप म्हंजी खोपटं करून पूजेला पाच पांडव मांडत्यात. आंबील शिंपत्यात. त्या कोपीभवतालचा हरभरा आमच्यात येगळा ठिवत्यात. तुमी म्हणले, घरातलं चांगल्यातलं चांगलं आणा. किशननं ते दिलं. त्याला मी मीठ घालू?”

“प्रयोग होता तो.”

“दुसऱ्याच्या रानात मीठ टाकणं म्हंजी दुस्मनी असती. बाकीच्या दोन गावांच्याला घातलं की. आदी हात जोडले, मग घातलं.”

पंतांनी लाल कुंडी बाजूला सारली. बोलले ते हळू. “मला सांगायचं होतं. मी शेवटच्या दिवशी विचारलंसुद्धा, रेघेप्रमाणं घातलं ना? तुम्ही हो म्हणालात.”

“न्हाई म्हणले असते तर तुमी दुसरी बाई लावली असती. तिनं घातलं असतं.”

हे खरं होतं, म्हणून पंतांना ते जास्त लागलं.

“आणि लिंबाजीला पेरू दिलंत? सगळं ठाऊक असून?”

“मीच म्हणले त्याला पेर.” ती पहिल्यांदा गडबडली. “माणसानं हातानं घातलेलं मीठ येगळं, पंत. त्यानं मरायचंच. जमिनीतलं मीठ जमिनीचं असतं. देवाचं बी त्यात तगंल, असं मला वाटलं. मला खरंच वाटलं.”

“तगलं नाही.”

“काय म्हंता?”

“जळालं. चारी एकर.”

तिनं पदर तोंडाशी नेला. पंतांना तिच्यावर ओरडायचं होतं, पण त्यांनी दोन्ही कुंड्या उचलून आत नेऊन ठेवल्या. आपल्या बायकोपेक्षाही जास्त विश्वास त्यांनी हिच्या मापावर टाकला होता. हिवाळाभर त्यांनी मोजलं ते तिनं आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

ते तसेच लिंबाजीच्या रानात गेले. लिंबाजी बांधावर बसला होता. पंतांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कोपीभोवतीचं बियाणं, गोडं पाणी, लाल कुंडी. कुणाचं नाव झाकलं नाही.

लिंबाजीनं बांधावरचं एक ढेकूळ हातात कुसकरलं. “मनकर्णा मला गावच्या नात्यानं भैन लागती,” तो म्हणाला. “तुमची वही मला वाचता येत न्हाई. तिला इचारूनच मी बटईचं रान सोडलं.”

“मला माहीत नव्हतं.”

“तिनं मला फसिवलं, ते माझं मी बगतो. पर तुमी सांगा. सबंध हिवाळा, बहात्तर कुंड्या. तुमी एकदा बी आपल्या हातानं पाणी घातलं न्हाई?”

“नाही.”

“सावलीत बसून लिव्हलं.”

“हो.”

लिंबाजीनं मान हलवली. “मग खरंच कोन्तं जगलं त्यातलं?”

पंत वाटेत वहीत तेच बघत आले होते. राणीसावरगाव, तिसरी रेघ. सहापैकी दोन जिवंत. खुरटी, घाटे सात. खरं मीठ पिऊन तेवढीच दोन तगली होती. चारठाण्याच्या टवटवीत रोपांशेजारी ती इतकी केविलवाणी दिसली, की पंतांनी पुढं “निकामी” लिहिलं आणि ते दाणे डाळीच्या पोत्यात टाकायला लावले.

“राणीसावरगावची दोन होती,” ते म्हणाले. “मी टाकून दिली. त्या गावात तो वाण अजून पेरत असतील. मी जाऊन आणतो. या वेळी पाणी मी घालीन.”

“आणा की,” लिंबाजी उठत म्हणाला. “देशमुखाच्या रानात पेरा. हितं न्हाई.”

“लिंबाजी, तुमची जमीनच त्याला लागेल. दुसरीकडं मीठ कुठंय?”

“मग कुंडीतच ठिवा.”

त्यानं कुंपणाची बोरीची काटी बाजूला ओढली आणि ओढ्याकाठी चरणाऱ्या आपल्या शेळ्यांना हाळी दिली. शेळ्या आत शिरल्या. खारट पाला त्यांना आवडला. एक-एक रोप बुडापर्यंत खुडत त्या सरीनं पुढं सरकत गेल्या. पंत बांधावर उभे होते. लिंबाजीनं त्यांना बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.